साळवींचा उजवा माइक

महाडहून पोलादपूरला जाताना अनंत साळवी स्वतः पासावर प्रवास करत आणि शेजारच्या सीटवर बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं मात्र अर्धं तिकीट काढत.

कंडक्टर म्हणायचा, "साहेब, हे लगेज हाय. लगेजची पावती फाडतो."

साळवी चष्म्यावरून बघायचे. "लगेज टपावर जातं. हा सीटवर बसलाय. सीटवर बसतो तो प्रवासी. आणि बारा वर्षांचा झाला नाही अजून, म्हणून अर्धं."

साळवी महाड स्टँडवरचे कंट्रोलर. त्यांच्याशी वाद घालून कुठल्या कंडक्टरला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं होतं? तो मुकाट्यानं अर्धं तिकीट द्यायचा. साळवी त्याची घडी करून अ‍ॅम्प्लिफायरच्या कातडी मुठीत खोचून ठेवायचे. चेकर चढला तर त्यानं ज्याचं त्याला विचारावं, हा हिशोब. खिडकीची जागाही त्याचीच. तोंड पुढे. उलटं बसवलं तर वळणावर त्याला मळमळतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

गेल्या तीन-चार आठवड्यांपासून साळवी रोज माझ्या डोक्यात आहेत. म्हटलं, एकदा लिहून टाकावं. मी बोलणारा माणूस नाही. माझा धंदाच दुसऱ्याचा आवाज मोठा करण्याचा. वडिलांचा मंडप आणि स्पीकरचा व्यवसाय मी पुढे चालवला, आणि महाड-पोलादपूर भागात ज्या ऑर्केस्ट्रात साळवी गिटार वाजवत त्याचा साउंड नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून माझ्याकडे होता. त्या काळात मी साळवींशी एक लबाडी केली. लबाडी एवढीशी होती. तिच्यावर एका माणसाचा संसार टांगलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

पण आधी साळवी.

स्टँडवरच्या त्यांच्या केबिनमध्ये घोषणेचा माइक असायचा, त्यावर स्वच्छ धुतलेला हातरुमाल. माइक ते तोंडासमोर कधी धरत नसत, गालाजवळ धरत. "तोंडासमोर धरला की माणूस ओरडतो," ते म्हणायचे. "गालाजवळ धरला की खरं बोलतो." मग ते बोरिवली गाडीची घोषणा अशी करत की तिकडे जायचं नसलेला माणूसही पिशवी उचलून उभा राही. घोषणा झाली की केबिनबाहेर येऊन रसवंतीपर्यंत चालत जायचे आणि विचारायचे, "इथं ऐकू आलं का? 'बोरिवली'तला 'ली' आला?" रसवाला म्हणायचा, "आला, साहेब. गाडी गेली."

गिटार ते कुठे शिकले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. अ‍ॅम्प्लिफायरची कथा मात्र शंभरदा सांगितली. मुंबईत एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा संसार मोडला, तेव्हा सगळ्या सामानातून त्यांनी ही एकच वस्तू उचलली. साधा नव्हता तो. स्टिरिओ होता. एकाच खोक्यात दोन स्पीकर. बटण दाबलं की डावा स्पीकर गिटार जशी वाजते तशी सरळ ऐकवायचा, आणि उजवा तेच सूर किंचित हलवून, पाण्यात हात फिरवावा तसे डोलवून ऐकवायचा. खोलीत समोर बसलं की दोन्ही मिळून गिटार एकदम मोठी आणि ओली व्हायची. हे मी माझ्या शब्दांत सांगतोय. साळवी त्या स्पीकरांना 'जोडपं' म्हणत.

"डावा नवरा," ते समजावत. "सरळ बोलतो. उजवी बायको. तेच बोलते, पण हेलकावा देऊन. दोघांची हवेत गाठ पडते, तिथं गोडी. आता मला सांग, जोडप्याला जेवायला बोलावताना तू एकालाच बोलावतोस का?"

"नाही साहेब."

"मग माइक दोन."

हे 'मग माइक दोन' त्यांचं पालुपद. कुठलीही चर्चा तिथेच येऊन थांबायची. आमच्या भागात तोवर कुणी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर दोन माइक लावले नव्हते. एक लावला तरी लोक विचारायचे, की ह्या खोक्याला भाषण करायचंय का?

कार्यक्रमाआधी साळवींची पूजा चाले. मला ते माइकना हात लावू देत नसत. खोक्याच्या जाळीवर टॉर्च मारून आतल्या कागदी शंकूचा मध्य शोधायचे. मध्यावर माइक धरला तर आवाज कर्कश येतो म्हणून तो जरा बाजूला सरकवायचे. अंतर चार बोटं. दोन्हीकडे तीच चार बोटं, त्याच हाताची. एक माइक जवळ आणि दुसरा लांब राहिला तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात, गिटार पत्र्यासारखी लागते. हे खरंही आहे. "सुरेश, एकाला पुढं नि एकाला मागं ठेवलं की घरात काय होतं?" असं ते विचारत आणि उत्तराची वाट न बघता केबलला गाठ मारत. शेवटी हुकूम सुटायचा, डावा माइक फक्त मंडपातल्या डावीकडच्या स्पीकर-बॉक्सला, उजवा फक्त उजवीकडच्या. मग ते स्टेजवर जाऊन बसत. तिथून त्यांना त्यांचं खोकं तेवढं ऐकू यायचं. समोर लोकांत काय पोचतंय ते फक्त मला कळायचं.

पहिले काही कार्यक्रम हे सगळं मी इमानानं केलं. मग वरंधच्या पुढच्या एका वाडीत सत्यनारायणाच्या पूजेचा कार्यक्रम आला.

आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर बसायची रीत ठरलेली. मधे चालायला वाट, एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया. तिथं बाप्ये डावीकडे होते. म्हणजे साळवींच्या शास्त्राप्रमाणे बाप्यांना नवरा ऐकू येत होता आणि बायांना बायको. दोन गाणी झाली नि मुंबईहून पूजेला आलेला एक चाकरमानी उठला. त्याच्या खोलीवर म्हणे मोठा स्टिरिओ डेक होता.

"ओ साउंडवाले, आमच्या साईडला इफेक्ट येत नाय."

"येतोय ना गिटार," मी म्हटलं.

"गिटार येतेय. हलत नाय. बायांच्या साईडला हलतेय."

तो खात्री करून घ्यायला वाट ओलांडून बायांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पाठोपाठ आणखी चारपाच जण. एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "काय रे, गाणं ऐकाया आलास का आमची तोंडं बघाया?"

"आजी, हिकडं गिटार चांगली हाय."

"मग तुझ्या बाजूची वाईट हाय ती आमच्यामुळं का?"

मंडळाचे अध्यक्ष उठले. त्यांनी मुद्दा एका वाक्यात मांडला. "वर्गणी घरटी सारखी काढलीय, तर गिटारपण सारखी पायजे."

तिथंच विषय थांबला असता तर निभावलं असतं. पण साळवींनी स्टेजवरून माइक घेतला, गालाजवळ धरला आणि त्या वाडीला जोडप्याचं शास्त्र समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "दोन्ही बाजूंचा खरा आनंद घ्यायचा असेल तर माणसानं मधोमध बसायला हवं."

मधोमध म्हणजे वाट. सगळी वाडी वाटेवर आली. बाप्ये आले, बाया आल्या, सासऱ्याच्या मांडीला सून लागली, कुणाच्या तरी डोक्यावरचा फेटा कुणाच्या तरी ओटीत पडला. प्रसादाचं पातेलं घेऊन येणारे दोघे वाटेच्या तोंडाशी अडकून राहिले. म्हातारी सर्वांच्या मधे, फतकल मारून, डोळे मिटून ऐकत होती. "आता हलतेय," ती म्हणाली. अध्यक्ष मात्र घामाघूम झाले होते. त्यांनी टेम्पोसोबत आलेल्या माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, की शिरा वाटायचा आहे, तो तरी वाटता येऊ द्या.

परतताना टेम्पोत वडील एवढंच म्हणाले, "सुरेश, आपल्याला ह्याच गावांत धंदा करायचाय."

तेव्हापासून मी उजवा माइक बंद केला.

बंद केला म्हणजे काढला नाही. साळवी तो लावत, चार बोटं मोजत, केबल बांधत. केबल स्टेजमागून माझ्या टेबलापर्यंत यायची, टेबलाखाली उतरायची आणि तिथं एका रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात संपायची. तिची जागा मी निवेदकाच्या माइकला दिली. माझा मिक्सर लहान, त्यात माइक जोडायच्या जागा मोजक्या, तेही एक कारण होतंच. डाव्या माइकचा सरळ आवाज मी दोन्हीकडे सारखा सोडायचो. कुणाची तक्रार आली नाही. साळवींच्या अ‍ॅम्प्लिफायरची अर्धी बाजू तीन वर्षं त्या डब्यात वाजत राहिली.

कार्यक्रम संपला की साळवी गिटार पुसत विचारायचे, "उजवीकडे पोचलं?"

मी म्हणायचो, "पोचलं."

पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. नंतर सवय झाली. पण त्या प्रश्नाच्या वेळी मी त्यांच्याकडे बघत नसे, केबल गुंडाळत असे. आजही केबल गुंडाळताना मला कुणी काही विचारलं की मी आधी केबल खाली ठेवतो.

साळवींचं लग्न झालेलं होतं. बाई प्राथमिक शिक्षिका. आम्हा महाडकरांना एवढं ठाऊक होतं की एका वर्षी त्यांनी पोलादपूरला बदली मागून घेतली, भावाकडे राहायला गेल्या आणि परत आल्या नाहीत. भांडण कुणी ऐकलं नव्हतं. दोघांच्या मधे अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. त्या रस्त्यावरच्या गाड्या साळवी रोज सोडत, पण कार्यक्रम असल्याशिवाय स्वतः कधी तिकडे फिरकत नसत.

पोलादपूरला दरवर्षी माघी गणपतीत संध्याकाळी आमचा कार्यक्रम असे. त्या दिवशी साळवींचं निराळंच चाले. शर्टाला कडक इस्त्री. खुर्च्या मांडून होताच, लोक यायच्या आत, ते उजवीकडे, बायकांच्या बाजूला जात. मंडपाच्या एका खांबाजवळच्या खुर्चीवर बसत, उठत, शेजारच्या खुर्चीवर बसत आणि मला कॅसेट लावायला सांगत. "इथं यायला हवं, सुरेश. बाकी कुठं कमी आलं तरी चालेल." मला वाटायचं, लहर आहे. त्या कार्यक्रमात ते एक स्वतःची धून वाजवत. गाणं नाही, नुसती गिटार. नाव ठेवलं होतं 'विनंती थांबा'. निवेदक दरवर्षी ते नाव वाचून हसायचा.

तिसऱ्या वर्षीचा कार्यक्रम झाला. साळवींनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. दोन दिवसांनी दुपारी मी स्टँडवर गेलो, तर त्यांनी केबिनमध्ये बोलावून समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"अ‍ॅम्प्लिफायरला गिऱ्हाईक बघ."

मला वाटलं थट्टा. "साहेब, त्याचं अजून अर्धं तिकीट आहे."

ते हसले नाहीत. माइकवरचा रुमाल काढून त्याची घडी घालू लागले. "तीन वर्षं वाजवली ती धून. बायको येते. दर वर्षी येते, त्या खांबाजवळ बसते. माझं वाजवून होईपर्यंत बसते आणि उठून जाते." रुमालाची घडी होऊन गेली होती तरी हात थांबले नाहीत. "मला बोलता येत नाही, सुरेश. इथं दिवसभर बोलतो, पण ते गाड्यांचं. घरी गेलो की काही सुचायचं नाही. तिनं एकदा म्हटलं, तुमचा आवाज ऐकायचा तर मला स्टँडवर येऊन उभं राहावं लागेल. पुढच्या जूनमध्ये गेली. मग म्हटलं, निदान हे ऐकवावं. ते उजवीकडचं. ते हलतं ना, ते मला तोंडानं जमत नाही." घडी केलेला रुमाल त्यांनी परत माइकवर ठेवला. "तीनदा तिला नीट ऐकू गेलं. तू सांगितलंस, पोचलं. उत्तर आलं नाही. म्हणजे नाही हेच उत्तर. समजायला पाहिजे माणसाला."

उठून जावंसं वाटलं. दारात पोलादपूर गाडीचा ड्रायव्हर सही घ्यायला उभा होता. त्याला सही देऊन त्यांनी वाटेला लावलं. मला तेवढाच वेळ मिळाला.

"साहेब," मी म्हटलं, "उजवा माइक बंद असतो."

"कधी?"

"कायमच. त्या वाडीत घोटाळा झाला तेव्हापासून. केबल माझ्या टेबलाखाली येते. तिथं एक डबा आहे."

"कसला डबा?"

"बिस्किटाचा."

त्यांनी चष्मा काढला. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. वडील काय म्हणाले, निवेदकाला जागा कशी दिली, डावा आवाज दोन्हीकडे कसा सोडला. सांगताना कळत होतं की ह्या माणसासमोर मी तीन वर्षं 'पोचलं' म्हणत आलोय, आणि त्या एका शब्दावर तो आपल्या बायकोचा निकाल वाचत होता. आता ते मला हाकलतील, असं धरून चाललो होतो. त्याची तयारीही होती. खरं तर ते बरं वाटलं असतं.

वर बघितलं तर साळवींच्या चेहऱ्यावर काही तरी निराळंच चाललं होतं. वीज गेलेल्या घरात पंखा पुन्हा फिरू लागतो, तसं.

"म्हणजे तिला नुसतं कोरडं ऐकू गेलं," ते म्हणाले.

"हो."

"तीनही वर्षं."

"हो साहेब."

"म्हणजे तिनं नाही म्हटलेलं नाही." ते उभे राहिले. केबिन लहान होती, तरी दोन पावलं तिकडे नि दोन इकडे चालले. "अरे, कोरडं ऐकून कुठली बाई परत येईल? मीसुद्धा आलो नसतो." मग माझ्यासमोर थांबले. "सुरेश, तू हरामखोर माणूस आहेस."

"हो साहेब."

"चहा घे."

शपथेवर सांगतो, असा चहा मी पुन्हा प्यालो नाही. समोर साळवी बशीतून फुरके मारत होते आणि मधेच हसत होते. त्यांच्या डोक्यातला तर्क कुणालाही सांगितला तर वेड्यात काढील. अख्ख्या मंडपाला गिटार ऐकू गेली होती, बाईंनाही गेली होती. राहिलं होतं ते फक्त एका स्पीकरचं थरथरणं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, साळवींना तर मी अख्खा माइक दिला होता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटतंय म्हणून लाजही वाटली.

तेवढ्यावर भागवायचं नाही, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात पोलादपूरला गेलो. शाळा सुटायची वेळ होती. बाई व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा बांधत होत्या. बारीक चणीची बाई, डोळे मात्र मास्तरणीचे, खोटं बोलायच्या आधीच पकडणारे. मी ओळख सांगून सगळं पुन्हा ओकलो. दोन माइक, दोन स्पीकर, डबा.

त्यांनी गठ्ठ्याची गाठ पक्की केली. "हे बघा, गिटारीतलं मला काही कळत नाही. एका बाजूनं आली काय नि चार बाजूंनी आली काय."

"मग आपण दर वर्षी येता, वाजवून होईपर्यंत बसता…"

"बघायला येते. कॉलर धुतात का, जेवतात का, वाळलेत किती." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "स्टँडभर आवाज घुमायचा ह्यांचा. घरी मी विचारणार, भात वाढू का, तर मान हलणार. होय म्हणून हलली की नाही म्हणून, तेही कळायचं नाही. नऊ वर्षं अंदाजानं भात वाढला मी."

मी मान हलवली. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं वाटलं.

"त्यांना म्हणावं, रविवारी घरी या. साडेदहाला. आधी नको, नंतर नको. ते खोकं आणायचं असेल तर आणू देत."

निरोप ऐकून साळवी दोन रात्री झोपले नाहीत, असं ते स्वतःच म्हणाले. त्यांच्या मते बाईंना दोन्ही बाजू नीट ऐकायच्या होत्या, म्हणूनच खोकं आणू देत असं म्हटलं. मला त्यांनी मिक्सर, दोन स्टँड आणि दोन माइक घ्यायला सांगितलं.

"साहेब, घरात माइक कशाला? समोर बसतील त्या."

"ह्या वेळी उजव्याचा भरवसा मी कुणावर टाकणार नाही."

"नुसतं खोकं पुरे. मधे मी नको, माझी केबलही नको."

ह्यावर त्यांनी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. पण माइक घरीच राहिले.

रविवारी मी त्यांना टेम्पोनं नेलं. बाईंच्या भावाचं घर पोलादपूरच्या टोकाला, पुढे ओटी, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. भाऊ रघुनाथ शेती करणारा, मोकळा गडी. "या दाजी," म्हणाला, जणू दाजी काल संध्याकाळीच बाजाराला गेले होते. आम्ही खोकं माजघरात ठेवलं. साळवींनी त्याला समोरच्या पाटाशी बरोबर मधोमध लावलं, गुडघ्यांवर बसून अंतर बघितलं, गिटार गळ्यात घातली. बाई हात पुसत आल्या आणि पाटावर बसल्या. साळवींनी बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

त्यांनी वायर बघितली. मी प्लग काढून परत घातला. फ्यूज बघायला वर हात घातला, तर रघुनाथ ओटीवरून म्हणाला, "लाईट नाय हो. भारनियमन."

"आता गेली?" मी बाहेर आलो.

"आता कुठली. रविवारची दहाला जाते, येते ती दुपार उलटून." तो सुपारी कातरत होता. आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ताईला ठावं हाय की. येळ तिनंच सांगितली ना?"

मी वळून आत बघितलं. माजघराच्या अंधूक उजेडात साळवी मुक्या खोक्याच्या शेजारी, गळ्यात गिटार अडकवून, मांडी घालून बसले होते. एवढा ओशाळा, एवढा उघडा माणूस मी पाहिला नव्हता. हात आपोआप तारांवर गेला. वीज नसली की ती गिटार सुपात तांदूळ पाखडल्यासारखी वाजते, एवढंच. बाईंनी पुढे होऊन तारांवर तळवा ठेवला.

"ती राहू दे," त्या म्हणाल्या. "बोला."

मी पायरीवर येऊन बसलो. रघुनाथनं सुपारी पुढे केली. मी नको म्हटलं, मग घेतली. कोंबड्या उडवीखाली उकरत होत्या. मग साळवींचा आवाज आला. स्टँडवरचा नव्हे. इतका खालचा, की साऱ्या तालुक्याला आवाज पोचवणाऱ्या मला चार हातांवरून एक शब्द लागेना.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

आणि साळवींनी ते पुन्हा सांगितलं.